बनशंकरीची शेते गेली कुठे?

बंगळूरच्या दक्षिणेकडील बनशंकरी हा भाग आज शहरातील गजबजलेल्या वस्त्यांपैकी एक आहे. मेट्रोचे स्थानक, मोठे बसस्थानक, दुतर्फा दुकाने आणि 'स्टेज', 'ब्लॉक', 'मेन', 'क्रॉस' अशा क्रमवारीने आखलेले रस्ते, असे त्याचे रूप आहे. परिसरातील जुनी नावे मात्र वेगळेच काही सांगतात. कदिरेनहळ्ळी, होसकेरेहळ्ळी, उत्तरहळ्ळी, वाजरहळ्ळी. कन्नड भाषेत 'हळ्ळी' म्हणजे खेडे आणि 'केरे' म्हणजे तलाव. होसकेरेहळ्ळी म्हणजे 'नव्या तलावाचे खेडे'. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ही सारी खेडीच होती आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाच्या वहिवाटीत असलेली लहान लहान शेते हा त्यांचा आधार होता.

ती शेते आता नाहीत. कसण्यास कोणी उरले नाही म्हणून ती गेली, असा समज होण्याची शक्यता आहे. कौटुंबिक शेती संपण्याचे ते अनेक ठिकाणी आढळणारे कारण आहे. मुले शहरात जातात, वडीलधारी थकतात आणि जमीन विकली जाते. बनशंकरीत नेमके उलट घडले. कुटुंबे होती तेथेच राहिली, शहरच त्यांच्याकडे चालत आले, आणि शेत तेवढे त्यांच्या हातून गेले.

या संदर्भात १९७६ या वर्षाचा एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. त्या वर्षी अमेरिकेतील आयोवा राज्याने, देशाच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे निमित्त साधून, शंभर वर्षे किंवा त्याहून अधिक काळ एकाच कुटुंबाकडे असलेल्या शेतांचा गौरव करण्याची योजना सुरू केली. मूळ जमिनीपैकी किमान ४० एकर आजही कुटुंबाकडे असावी, अशी त्यासाठी अट आहे. त्याच वर्षी कर्नाटकात बंगळूर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली आणि शहराभोवतीची शेतजमीन संपादित करून तेथे नियोजित वसाहती उभारण्याचे काम या प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. आयोवाची ४० एकरांची अट भारतीय शेतकऱ्याला नवलाची वाटेल. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार आपल्या देशात सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांहूनही थोडे कमी आहे.

वनदेवी आणि नाचणी

या भागाला नाव मिळाले ते कनकपुरा रस्त्यावरील बनशंकरी देवीच्या मंदिरावरून. १९१५ साली सोमण्णा शेट्टी नावाच्या भक्ताने ते बांधले, असे सांगितले जाते. राहुकाळ सामान्यतः अशुभ मानला जातो; येथे मात्र त्याच वेळी देवीची पूजा होते आणि लिंबाच्या सालीत दिवे लावले जातात. देवीचे मूळ स्थान उत्तर कर्नाटकातील बदामीजवळ असून महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची ती कुलस्वामिनी आहे. बनशंकरी म्हणजेच शाकंभरी. दुष्काळात आपल्या देहातून भाजीपाला निर्माण करून लोकांना जगविणारी देवी, अशी तिची ख्याती आहे. शाकंभरी पौर्णिमेला तिला अनेकविध भाज्यांचा नैवेद्य दाखविण्याची प्रथा मराठी घरांतही परिचित आहे. शेतमळ्यांनी वेढलेल्या जागी या देवीची स्थापना व्हावी, यात औचित्य होते.

या शेतमळ्यांचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम पाण्याकडे पाहिले पाहिजे. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवरील पठारावर वसलेले आहे आणि त्याच्याजवळून एकही मोठी नदी वाहत नाही. पावसाचे पाणी अडविण्यासाठी ओढ्यांवर मातीचे बांध घालून तलाव निर्माण करण्यात आले. एक तलाव भरला की सांडव्यातून पाणी खालच्या तलावात जाई, अशी ती साखळी होती. तलावाखालच्या जमिनीत भात, भाजीपाला आणि नागवेलीचे मळे असत. हे पाणी कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचे, याचा अधिकार 'नीरगंटी' या वंशपरंपरागत सेवकाकडे असे. बनशंकरी परिसरातील यडियूर, होसकेरेहळ्ळी आणि शेजारचा सारक्की हे अशाच तलावांपैकी आहेत.

तलावापासून दूर, उंचावरच्या तांबड्या जमिनीत पावसावर नाचणी होत असे. कन्नडमध्ये तिला 'रागी' म्हणतात. येथील शेतकरी नाचणी एकटी पेरत नसे. नाचणीच्या काही ओळींनंतर पावट्याची वा तुरीची एक ओळ, कडेने मोहरी, एरंडी किंवा कारळे, अशी मांडणी असे. या पद्धतीस 'अक्कडी सालु' असे नाव आहे. पाऊस लवकर थांबला तर नाचणी हाती लागे. लांबला तर थंडीत पावटा येई. कडधान्याच्या मुळांमुळे जमिनीचा कस टिकून राहत असे आणि पेंढा गुरांना मिळे. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर १८०० साली फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज कंपनीच्या अधिकाऱ्याने म्हैसूर राज्यातून प्रवास केला. बंगळूर परिसरातील नाचणीची लागवड आणि तिच्यासोबतची पिके यांचे तपशीलवार वर्णन त्याच्या १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतात आढळते. निघालेले धान्य जमिनीखाली खणलेल्या पेवात साठविले जाई. नाचणीस कीड सहसा लागत नसल्याने ते वर्षानुवर्षे टिके, आणि दुष्काळात हेच पेव उघडले जाई.

मराठी वाचकाला ओळखीचे दप्तर

बंगळूरच्या या जमिनींशी मराठी भाषेचा संबंध जुना आहे. १६३८ साली विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान आणि शहाजीराजे भोसले यांनी बंगळूर जिंकले. पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले आणि त्यांच्यानंतर व्यंकोजीराजांकडे गेले. १६८७ च्या सुमारास तीन लाख रुपयांच्या व्यवहारात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्या ताब्यात आले. म्हणजे सुमारे अर्धशतक या मुलखाचा कारभार भोसल्यांच्या नावाने चालला. महसुलाच्या हिशेबात मराठीचा वापर त्या राजवटीनंतरही म्हैसूर दरबारात दीर्घकाळ होत राहिला. टिपूचे आणि पुढे म्हैसूरचे दिवाण राहिलेले पूर्णय्या हेही मराठी जाणणाऱ्या देशस्थ घराण्यातील होते.

१८६० च्या दशकात म्हैसूर राज्यात जमिनीची नव्याने मोजणी सुरू झाली तीही मुंबई इलाख्याच्या पद्धतीवर. या दोन्हींचा परिणाम असा की, बंगळूरच्या शेतकऱ्याच्या घरातील कागदपत्रे मराठी माणसाला अर्ध्याहून अधिक समजतात. सातबाराच्या जागी तेथे 'पहाणी' आहे. जमीन 'गुंठ्या'त मोजली जाते आणि ४० गुंठ्यांचा एकर होतो. मोजणीला 'मोजिणी', हद्द कायम करण्याला 'हद्दुबस्तु', लागवडीस अयोग्य जमिनीला 'खराब' आणि सर्व्हे क्रमांकाची विभागणी करण्याला 'पोडी' म्हणतात. शहरातील घरमालक ज्यासाठी महापालिकेच्या कार्यालयात खेटे घालतो, तो 'खाता' म्हणजे आपले खातेच. भाषांतराची येथे फारशी गरज पडत नाही.

ही नोंद केवळ शब्दांच्या आवडीपोटी महत्त्वाची नाही. कौटुंबिक शेताचे आयुष्य या कागदांवरच अवलंबून असते. वडील वारल्यानंतर वारसांची नोंद झाली नाही, भावांमध्ये वाटणी होऊनही पोडी झाली नाही, तर शंभर वर्षे कसलेली जमीनही सरकारदरबारी आजोबांच्याच नावावर राहते. भूसंपादनाची नोटीस निघते ती त्या आजोबांच्या नावाने. २००० नंतर कर्नाटक सरकारने 'भूमी' प्रकल्पाद्वारे सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी नोंदी संगणकावर आणल्या आणि हा प्रकल्प देशभर गाजला. बनशंकरीतील बहुतेक शेतांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. ती त्याआधीच वसाहतीच्या नकाशात गेलेली होती.

शहराची वाटचाल

१८९८ च्या प्लेगनंतर दाट पेठेतील लोकांना मोकळ्या जागी हलविण्याची निकड निर्माण झाली आणि बसवनगुडी व मल्लेश्वरम या वसाहतींना वेग आला. १९४५ साली नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. पुढे बसवनगुडीच्या दक्षिणेस जयनगर आकाराला आले आणि त्यानंतर बनशंकरीची पाळी आली. सुधारणा मंडळाचे काम १९७६ मध्ये विकास प्राधिकरणाने आपल्याकडे घेतले. बनशंकरीचे टप्पे दक्षिणेकडे एकेक करून वाढत गेले आणि सहावा टप्पा तुरहळ्ळीच्या राखीव जंगलाला जाऊन भिडला.

त्याच काळात तलावांचे प्रयोजनही संपत आले होते. १८९६ च्या सुमारास हेसरघट्ट्याहून, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीहून आणि १९७४ मध्ये कावेरी नदीतून शहराला नळाचे पाणी मिळू लागले. पिण्यासाठी तलावाची गरज उरली नाही आणि खालची शेते संपादित झाल्यावर सिंचनासाठीही ती राहिली नाही. नीरगंटीला काम उरले नाही. शहराच्या मध्यभागातील धर्मांबुधी तलावाच्या जागी बसस्थानक झाले, संपंगी तलावाच्या जागी क्रीडांगण. सारक्की तलाव वाचला, परंतु त्यावर एवढी अतिक्रमणे झाली की २०१५ मध्ये ती हटविण्यासाठी प्रशासनाला मोठी मोहीम राबवावी लागली. शेत गेले की त्याचा तलावही निराधार होतो. तलाव वाचविण्याच्या चर्चेत याचा उल्लेख फारसा होत नाही.

संपादनाची कार्यपद्धती अशी आहे. प्राधिकरण प्रथम प्राथमिक अधिसूचना काढते, हरकती ऐकते आणि राज्य सरकारच्या मंजुरीनंतर अंतिम अधिसूचना प्रसिद्ध करते. अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत योजना बहुतांशी पूर्ण झाली नाही, तर ती रद्दबातल होते, अशी तरतूद कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. ही तरतूद शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी असली, तरी 'बहुतांशी' म्हणजे किती, हा वाद न्यायालयातच सुटतो. दरम्यान जमीन अडकून पडते. तिच्यावर कर्ज मिळत नाही, ग्राहक योग्य भाव देत नाही, आणि नवी विहीर खणण्याचे धाडस कोणी करीत नाही. अधिसूचनेतून जमीन वगळण्याचा अधिकारही सरकारकडे असतो. कोणाची जमीन वगळली गेली आणि कोणाची नाही, यावरून कर्नाटकाच्या राजकारणात अनेकदा वादळे उठली आहेत.

मोबदल्याचा प्रश्न अधिक कळीचा आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारभाव आणि त्यावर सक्तीच्या संपादनाबद्दल १५ टक्के रक्कम मिळत असे. १९८४ च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली. पण बाजारभाव धरला जाई तो मुख्यतः अधिसूचनेच्या वेळच्या शेतजमिनीचा. भूखंड पाडल्यावर त्याच मातीची किंमत कितीतरी पटींनी वाढे आणि ती वाढ शेतकऱ्याच्या वाट्याला येत नसे. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढविला. तथापि बंगळूर विकास प्राधिकरणाच्या संपादनाला हा नवा कायदा लागू होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिला. नंतरच्या काही वसाहतींत विकसित जमिनीचा ४० टक्के हिस्सा शेतकऱ्यास देण्याची योजना आली. बनशंकरीच्या जुन्या टप्प्यांतील कुटुंबांना ती संधी नव्हती.

अशा स्थितीत अनेकांनी संपादनापूर्वीच जमीन विकण्याचा मार्ग पत्करला. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून ते परस्पर विकण्यात आले. बिगरशेती परवानगी नसलेल्या अशा भूखंडांना बंगळुरात 'रेव्हेन्यू साइट' म्हणतात. गृहनिर्माण सहकारी संस्थांचेही त्या काळात पेव फुटले. बेकायदा वसाहती म्हणून त्यांच्यावर टीका होते आणि ती अयोग्य नाही. परंतु शेतकऱ्याच्या बाजूने पाहता, आपल्या जमिनीला शहरी भाव मिळविण्याचा तो बहुधा एकच उपाय त्याच्या हाती होता.

कुटुंब म्हणजे कोण?

संपादनात गावठाणे सहसा वगळली जातात. त्यामुळे आखीव रस्त्यांच्या मधोमध अचानक अरुंद गल्ल्या, मारम्मा किंवा मुनेश्वराचे देऊळ, पिंपळाखालचा पार आणि क्वचित दारात बांधलेली गाय दिसते. जुनी शेतकरी कुटुंबे येथे राहिली. मोबदल्याच्या रकमेतून काहींनी घरावर मजले चढविले आणि भाडेकरू ठेवले. एका अंगणाभोवती ओळीने बांधलेल्या अशा भाड्याच्या खोल्यांना कन्नडमध्ये 'वठार' म्हणतात. मराठी वाचकांनी चाळ डोळ्यांसमोर आणावी. ज्यांची रक्कम चार भावांत वाटली जाऊन लग्नकार्यात संपली, त्यांच्या पुढच्या पिढीने रिक्षा चालविली, कारखान्यांत वा कार्यालयांत मिळेल ते काम धरले.

जुन्या शेतांविषयी बोलताना एक जिव्हाळ्याचा सूर लागतो आणि त्यात काही गोष्टी नजरेआड होतात. शेत कुटुंबाचे असले, तरी कागदावर ते पुरुषांचे होते. कर्नाटकाने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, तोही तोपर्यंत अविवाहित असलेल्या मुलींना. देशभर अशी तरतूद २००५ मध्ये झाली. बनशंकरीच्या जुन्या टप्प्यांतील मोबदला त्यापूर्वीच वाटला गेला होता. त्या घरांतील बहिणींना सामान्यतः काही मिळाले नाही.

मजुरांचे आणि कुळांचे तसेच. १९७४ मध्ये, देवराज अर्स मुख्यमंत्री असताना, कर्नाटकाने कूळवहिवाट संपविणारी मोठी सुधारणा लागू केली आणि अनेक कुळे मालक झाली. शहराच्या सीमेवर ही मालकी हाती येते न येते तोच संपादनाची नोटीस आली. ज्यांच्या नावावर एक गुंठाही नव्हता, त्या शेतमजूर कुटुंबांना, ज्यांत दलितांचे प्रमाण मोठे होते, मोबदल्याचा प्रश्नच उद्‌भवला नाही. त्यांचे काम गेले, आणि काम गेल्याची नोंद पहाणीत होत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना या संदर्भात दोन उदाहरणे आठवतील. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला, १९८४ च्या जानेवारीत उरण परिसरात गोळीबारात आंदोलकांचे प्राण गेले, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना अमलात आली. दुसरे उदाहरण पुण्याजवळच्या हडपसरचे. तेथील मगर आणि इतर सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० हून अधिक एकर जमीन विकण्याऐवजी एकत्र केली, कंपनी स्थापन केली आणि २००० सालापासून स्वतःच मगरपट्टा नगरी उभारली. शेती तेथेही संपली, मात्र जमिनीच्या वाढलेल्या किमतीत मूळ मालकांचा वाटा राहिला. मगरपट्ट्याची कुटुंबे बहुतांशी एकमेकांच्या नात्यातील होती आणि त्यांना सतीश मगर यांच्यासारखे नेतृत्व लाभले. हे जमून येणे सर्वत्र शक्य नसते.

उरलेल्या खुणा

शेते गेली तरी पिकांचे काही उत्सव बंगळुरात टिकून आहेत. बनशंकरीपासून जवळच, बसवनगुडीच्या नंदी मंदिरापाशी, कार्तिकातील अखेरच्या सोमवारी 'कडलेकायी परिषे', म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. सुंकेनहळ्ळी, मावळ्ळी, दासरहळ्ळी आदी खेड्यांतील भुईमूग एक बैल रोज फस्त करीत असे. त्याला शांत करण्यासाठी मंदिर बांधले गेले आणि पहिली शेंग त्याला वाहण्याची प्रथा पडली, अशी आख्यायिका आहे. ही खेडी आता शहराचे भाग आहेत आणि तेथे शेंगेचे एकही झाड नाही. जत्रेत येणारा माल चिंतामणी, कोलार, मागडी आणि तमिळनाडूतून येतो. गर्दी मात्र वाढतच आहे.

चैत्र पौर्णिमेच्या करग उत्सवाचे यजमानपदही तिगळ या बागायतदार समाजाकडेच आहे. संपंगी तलाव बुजला, तरी त्याचा एक लहानसा चौकोनी तुकडा या उत्सवाच्या विधींसाठी राखून ठेवावा लागला.

बंगळूरभोवतीची कौटुंबिक शेती आता देवनहळ्ळी, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर या बाजूंना पाहावी लागते. बंगळूर ब्लू द्राक्षे, गुलाबी कांदा आणि देवनहळ्ळीची पपनस यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु मानांकन पिकाला मिळते, ते पिकविणाऱ्या जमिनीला संरक्षण देत नाही. २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ नवा विमानतळ सुरू झाला आणि तेथील जमिनींचे भाव चढले. २०२० साली कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातील ७९ अ आणि ७९ ब ही कलमे रद्द केली. शेतीबाहेरील उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असलेल्यांना आणि शेतकरी नसलेल्यांना शेतजमीन घेण्यास या कलमांनी बंदी होती. खरेदीदारांची संख्या त्यामुळे वाढली. भाव मिळेल म्हणून काही शेतकऱ्यांनी या बदलाचे स्वागत केले, तर शेतकरी संघटनांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले.

देवनहळ्ळी तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीच्या १३ गावांत १,७७७ एकर जमीन एका हवाई उद्योग संकुलासाठी संपादित करण्याचा प्रस्ताव राज्याच्या औद्योगिक विकास मंडळाने मांडला तेव्हा शेतकरी धरणे धरून बसले. एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेले हे धरणे तीन वर्षांहून अधिक काळ चालले. त्या काळात राज्यात सरकार बदलले, प्रस्ताव मात्र कायम राहिला. जून २०२५ मध्ये आंदोलकांना पोलिसांनी ताब्यात घेतले. लेखक आणि कलावंतही त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी हे संपादन सोडून देत असल्याची घोषणा केली. जे शेतकरी स्वेच्छेने जमीन देण्यास तयार असतील त्यांच्याकडून ती वाढीव मोबदल्याने घेतली जाईल. इतरांनी आपली शेती करावी, असे त्यांनी सांगितले. जमीन द्यावी की नाही, हा प्रश्न त्यामुळे सरकारकडून त्या १३ गावांतील घराघरांत आला आहे, आणि तेथे या वेळी बहिणींचीही सही लागणार आहे.